लावलेली झाडे, उरलेली झाडे

दोन वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली गोष्ट. माझी नात तेव्हा अकरावीत होती. रात्री साडेनऊच्या सुमारास ती एक वही घेऊन माझ्या खोलीत आली. 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' या विषयाचा प्रकल्प दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. विषय होता, 'माझ्या परिसरातील वृक्षांची गणना'. प्रस्तावना, उद्दिष्टे, महत्त्व, कार्यपद्धती अशी पहिली चार पाने सुबक अक्षरात भरलेली होती. पाचव्या पानावर पट्टीने आखलेला तक्ता होता आणि तो कोरा होता. ''आजोबा, तुम्ही रोज सकाळी फिरायला जाता, तुम्हाला सगळी झाडं माहीत आहेत. सांगा ना, मी पटापट लिहिते.''

मी सांगत गेलो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला चाळीस झाडे उभी करायला कितीसा वेळ लागणार? कडुलिंब सात, गुलमोहर नऊ, रेन ट्री पाच, शाळेच्या कुंपणाशी चिंच. बुंध्यांचे घेरही मी अंदाजाने ठोकून दिले. पाण्याच्या टाकीजवळचा बहावा, घेर नव्वद सेंटिमीटर, हे तर डोळे मिटून सांगितले. पाऊण तासात गणना आटोपली. निष्कर्ष मात्र तिने स्वतःच लिहिला : 'या प्रकल्पामुळे माझ्या मनात वृक्षांविषयी प्रेम निर्माण झाले.' महिन्याभराने वही परत आली ती 'अ' श्रेणी घेऊन.

एप्रिलच्या अखेरीस आम्ही दोघे टाकीवरून घरी येत होतो. ती एकदम थांबली. ''आजोबा, आपला बहावा कुठे आहे?'' एप्रिलअखेरीला लपून राहावे असे ते झाड नव्हे. पण तिथे सिमेंटचा कट्टा होता आणि कट्ट्याला टेकून एक स्कूटर उभी होती. समोरच्या दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, ''काका, ते जाऊन दोन वर्षं झाली की!'' म्हणजे दोन वर्षे मी त्या जागेवरून रोज सकाळी गेलो होतो आणि नसलेले झाड पाहत आलो होतो. नातीने काही म्हटले नाही. तिने नुसते माझ्याकडे पाहिले. मला त्या क्षणी आठवली ती म्हैस.

म्हशीचा संदर्भ सांगायला हवा. माझी उमेदीची वर्षे बँकेच्या नोकरीत गेली आणि त्यातली पहिली काही मराठवाड्यातल्या एका ग्रामीण शाखेत. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८० पासून देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाला होता. गरीब कुटुंबाला दुभते जनावर, शेळ्या, शिवणयंत्र असे काहीतरी कर्जाने घेऊन द्यायचे. लहान शेतकऱ्याला पाव, अत्यल्प भूधारकाला आणि मजुराला एक तृतीयांश, आदिवासी कुटुंबाला निम्मे अनुदान. मार्चअखेर जवळ आली, की मंडप पडायचा, कपाळाला कुंकू लावलेल्या म्हशी रांगेत उभ्या राहायच्या, भाषणे व्हायची, फोटो निघायचे. आमच्या शाखेकडून वर जाणाऱ्या तक्त्यात मुख्य रकाना एकच : किती कुटुंबांना किती रुपयांचे वाटप.

सहा महिन्यांनी मी तपासणीला मोटारसायकलवरून जात असे. विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात बिल्ला असायचा. गोठ्यात गेलो, की ''म्हैस चरायला गेलीय, साहेब,'' असे उत्तर मिळे आणि पुराव्यादाखल फळीवरच्या डबीतून बिल्ला काढून दाखवला जाई. बिल्ला आहे, कानही कधी काळी असणार, म्हैस नाही. कधी एकच म्हैस तीन गोठ्यांत भेटायची. खोटे वाटेल, पण तिच्या शिंगावरून मी तिला ओळखू लागलो होतो. त्याच गावात एक विधवा बाई होती. तिने त्या एका म्हशीवर पोराचे शिक्षण केले आणि दावणीला दुसरी म्हैस बांधली. पण डबीतली म्हैस आणि दावणीची म्हैस यांत फरक करणारा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता. दोन्हींचा आकडा एकच. नसलेल्या म्हशीबद्दल मी अनेकांना नोटिसा धाडल्या आहेत आणि निवृत्तीनंतर मी स्वतः नसलेले झाड लिहून 'अ' श्रेणी मिळवली होती.

त्यानंतर मी पर्यावरण शिक्षणाकडे बँकेच्या नजरेने पाहू लागलो, आणि जे दिसले ते फार ओळखीचे होते. महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला, की पर्यावरण हा शिक्षणातला सक्तीचा विषय करावा. चित्रपटगृहांत त्याविषयीच्या स्लाइड दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनवर कार्यक्रम करावेत, हेही त्याच निकालात होते. अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले. शाळांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय हरित सेना २००१-०२ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्राने १ जुलै २०१६ या एका दिवसात दोन कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य ठेवले. पुढे ते चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटींवर गेले. या सगळ्यांत खड्ड्याशी उभी होती ती प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांतली मुले.

हे सारे वाईट होते, असे मी मुळीच म्हणत नाही. सक्ती नसती, तर माझ्या नातीने वहीसुद्धा घेतली नसती. पण या कामाचे अहवाल पाहा. किती शाळा सहभागी, किती विद्यार्थी, किती रोपे, किती प्रतिज्ञापत्रे, किती प्रमाणपत्रे. हा सगळा वाटपाचा रकाना आहे. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर त्या रोपांपैकी किती उरली, प्रतिज्ञा घेतलेल्या मुलाच्या घरी पाण्याचा नळ किती वेळ उघडा राहतो, हे वसुलीचे प्रश्न झाले, आणि ते विचारण्याचे काम कोणाच्याच अंगावर नसते.

गंमत अशी, की ज्यांनी या शिक्षणाचा जागतिक पाया घातला त्यांच्या हे लक्षात आले होते. १९७५ साली बेलग्रेडला युनेस्कोच्या पुढाकाराने जगातले जाणकार जमले आणि त्यांनी पर्यावरण शिक्षणाची सहा उद्दिष्टे लिहून ठेवली : जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य, मूल्यमापनाची क्षमता आणि सहभाग. यातले पाचवे पुन्हा वाचा. शिकणाऱ्याला स्वतःला मोजता-पारखता आले पाहिजे. पर्यावरणासाठी केलेले उपायही आणि आपल्याला दिले जाणारे शिक्षणही. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये तिबिलिसीला सरकारांची परिषद झाली. तिथे मंजूर झालेल्या यादीत उद्दिष्टे पाच उरली. जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य, सहभाग. मूल्यमापनाची क्षमता गळाली. पुढे जगभर हीच पाचांची यादी प्रमाण मानली गेली. त्या गळतीमागे काही हेतू असेल, असे मी म्हणत नाही. पण बँकेतल्या माणसाला ती खटकते. तपासणीचा रकाना तक्त्यातून जातो तो असाच, आवाज न करता.

'सहभाग' या शब्दाचेही तेच. रॉजर हार्ट या पर्यावरण-मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. तळाच्या तीन पायऱ्यांना त्याने सहभाग म्हणायलाच नकार दिला. मुलांचा वापर, मुलांची सजावट आणि मुलांची नाममात्र हजेरी अशा त्या तीन पायऱ्या. मोठ्यांनी ठरवलेल्या कार्यासाठी मुलांना एकसारखे सदरे घालून उभे करायचे, त्यांनी गाणी म्हणायची आणि आपण कशासाठी उभे आहोत हे त्यांना नीट ठाऊक नसायचे, ही झाली सजावट. पाच जूनला आपल्या गावातून निघणाऱ्या फेरीकडे या शिडीच्या पायथ्याशी उभे राहून एकदा पाहावे. हिरव्या टोप्या, फलक, घोषणा. आणि फेरी संपल्यावर रस्त्यावर पडलेले पाण्याचे रिकामे पाउच. वरच्या पायऱ्यांवर मुले स्वतः काम सुरू करतात, निर्णयात वाटेकरी होतात. तिथवर आपण त्यांना क्वचितच जाऊ देतो.

मग परिणाम मोजायचा कसा? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रश्नपत्रिका, आणि तोच सर्वांत फसवा. 'तुम्ही बाजारात कापडी पिशवी नेता का?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. मुलाला गुरुजींना काय आवडेल ते बरोबर कळते. शिवाय कळणे आणि करणे यांच्यामधली दरी मोठी आहे. कोलमस आणि अ‍ॅगिमन या दोघांनी २००२ साली याच दरीवर लिहिलेला प्रबंध आजही जगभर वाचला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या निकोल आर्दॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये निसर्गसंवर्धनाशी निगडित अशा पर्यावरण शिक्षणाच्या १०५ अभ्यासांचा आढावा घेतला. बहुतेकांनी परिणाम चांगला झाल्याचे नोंदवले होते. पण शिक्षण आणि प्रत्यक्ष निसर्गात पडलेला फरक यांच्यातला सांधा जुळवून दाखवणे अवघड जाते, असेही दिसले. ज्या उपक्रमांत तो जुळला त्यांच्यात काही गोष्टी समान होत्या. विषय स्थानिक होता, जाणकारांची आणि गावच्या लोकांची साथ होती, प्रत्यक्ष कृती होती आणि मोजमाप आधीपासून ठरवून केलेले होते.

असे मोजमाप होऊ शकते, याचे एक उदाहरण मला फार आवडते. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर शाळकरी मुलांची वन्यजीव मंडळे आहेत. तिथल्या काही मुलांना पाणथळ जागांविषयी शिकवण्यात आले, काहींना नाही. आणि संशोधकांनी दोन्ही गटांतल्या मुलांच्या आईवडिलांनाही प्रश्न विचारले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ज्यांची मुले शिकली होती त्या पालकांचे ज्ञान अधिक होते आणि घरात पाणी जपून वापरल्याचेही त्यांनी अधिक सांगितले. यातली युक्ती शेतकऱ्याला सहज कळेल. एका वाफ्याला खत घातले, शेजारच्या वाफ्याला घातले नाही, आणि मग दोन्ही वाफ्यांकडे पाहिले. आपल्याकडे शेजारचा वाफा कोणी राखतच नाही.

पण याहून पुढची पायरी म्हणजे मोजणारे बाहेरचे संशोधक नसून तरुण स्वतः असणे. रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास गाव अनेक वाचकांना ठाऊक असेल. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले आणि ते काम गावातल्या पोरांच्या हाती दिले. भल्या पहाटे किनारा चालायचा, कासविणीच्या पावलांचा माग काढायचा, अंडी उचलून कुंपणातल्या खड्ड्यात जपून ठेवायची आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले समुद्राकडे सोडायची. या कामात वही अपरिहार्य आहे. अंडी किती सापडली हा एक रकाना, पिल्ले किती निघाली हा दुसरा. वाटप आणि वसुली शेजारी-शेजारी. कमी पिल्ले निघाली, तर का, हा प्रश्न त्या पोराला दुसऱ्या कोणी विचारावा लागत नाही. तो वाळूत हात घालून बसलेलाच असतो. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवून तिला सोडण्यात आले, तेव्हा समुद्रात पुढे काय होते, हा तिसरा रकानाही आखला गेला.

दुसरे उदाहरण केरळचे. तिथल्या शेकडो शाळांतली मुले 'सीझनवॉच' या उपक्रमात एकेक झाड आपलेसे करतात आणि आठवड्याला त्याची नोंद ठेवतात. पालवी आहे का, कळी, फूल, फळ आहे का? एवढेच. एप्रिलच्या मध्याला येणाऱ्या विषू सणाला कणिकोन्नाची पिवळी फुले लागतात. कणिकोन्ना म्हणजे आपला बहावाच. मुलांच्या नोंदींतून दिसले, की तो अनेक ठिकाणी सणाच्या बराच आधी फुलून जातो. हवामान बदलते आहे, हे त्या मुलांना कोणी भाषणातून सांगितले नाही. त्यांच्या स्वतःच्या वहीने सांगितले.

इथे एक धोका मला दिसतो आणि तोही मी बँकेतच शिकलो. मोजमाप सुरू झाले, की त्याचेही लक्ष्य ठरते. आमच्याकडे ज्या अधिकाऱ्याने 'म्हशी नाहीत' असे प्रामाणिकपणे लिहिले, त्यालाच मेमो मिळे. म्हणून हळूहळू कोणी तसे लिहीनासे झाले. जगलेल्या झाडांच्या आकड्यावर उद्या शाळेचे अनुदान किंवा शिक्षकाची बढती ठरू लागली, तर झाडे नव्हे, आकडेच जगतील. मेलेले रोप वहीत लिहिणाऱ्या मुलाला शाबासकी मिळाली पाहिजे. शिवाय काही परिणाम असे असतात, की ते मार्चअखेरच्या आत दिसतच नाहीत. लुईस चावला या अभ्यासक बाईंनी नॉर्वे आणि अमेरिकेतल्या केंटकी इथे पर्यावरणासाठी आयुष्य वेचणाऱ्यांना विचारले, की तुम्ही या वाटेला कसे लागलात? लहानपणीची एखादी मोकळी, जिव्हाळ्याची जागा आणि बोट धरून ती दाखवणारे घरातले माणूस, ही उत्तरे पुन्हा-पुन्हा आली. ते वाचताना मी जरा ओशाळलो. माझ्या नातीच्या वाट्याला आलेल्या घरातल्या माणसाने तिला अंथरुणात बसून झाडे लिहून दिली होती.

त्या मे महिन्यात आम्ही ती वही पुन्हा काढली. जुना तक्ता तिने खोडला नाही. शेजारी एक रकाना आखला : 'आज आहे का?' दोन रविवार सकाळी आम्ही मोजपट्टी घेऊन फिरलो. माझ्या चाळिसांपैकी सत्तावीस झाडे जागेवर होती. तेरा एक तर गेली होती किंवा कधी नव्हतीच. ज्यांना मी गुलमोहर म्हटले होते त्यांतले दोन पेल्टोफोरम, म्हणजे सोनमोहर, निघाले. आणि एकोणीस झाडे अशी सापडली, की ज्यांची मला दखलच नव्हती. त्यांत गटाराच्या भिंतीतून वर आलेला एक उंबरही होता.

मग तिला पुढचे सुचले. कॉलेजच्या मुलांनी आदल्या पावसाळ्यात ओढ्याकाठच्या रस्त्याला साठ रोपे लावली होती. तिने मैत्रिणींना घेऊन ती मोजली. सतरा जिवंत होती. त्या सतरांतली अकरा कोणा ना कोणाच्या दारासमोर होती. चहाच्या टपरीपुढे, गॅरेजपुढे, दोन-तीन घरांच्या फाटकांशी. टँकर ऑगस्टपर्यंत येऊन गेला होता, एप्रिलमध्ये कोणीच आले नव्हते. पण टपरीवाला कपबश्या विसळलेले पाणी रोज त्या रोपाला घालत होता. कोणत्या जातीचे रोप, किती फुटांचा खड्डा, हे सगळे पुस्तकात होते. झाड जगायला जवळ एक माणूस लागतो, हे पुस्तकात नव्हते. तिने आकडा सरांना नेऊन दिला. सर बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ''इतकी वर्षं हे काम करतो आहे, पण हा आकडा मला आजवर कुणी विचारलाच नव्हता.'' त्या वर्षी कॉलेजने साठऐवजी वीसच रोपे लावली. प्रत्येक रोप, 'आम्ही पाणी घालू' म्हणणाऱ्या एकेका दारासमोर.

त्या विसांचे काय झाले, हे सांगून मला लेख गोड करता आला असता. पण ती रोपे लावल्यापासून तिसरा उन्हाळा अजून यायचा आहे आणि नियम आम्हीच ठरवला आहे. नात आता दुसऱ्या कॉलेजात गेली. वही तिने खालच्या वर्गातल्या एका मुलीच्या स्वाधीन केली. देण्याआधी शेवटच्या पानावर माझी सही मागितली. मी तपासणी अहवालावर करत असे तशीच केली : 'प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिले.' नोकरीत ही ओळ मी शेकडो वेळा लिहिली असेल, आणि सगळ्याच वेळा ती खरी होती, असे छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. या वहीत ती खरी आहे.

येत्या पावसाळ्यात तुमच्या गावातही मुले खड्डे खणतील, फोटो निघतील. निघू द्यावेत. तेवढ्यात एखाद्या मुलाच्या हाती एक साधी वही द्यावी, तीत एक रकाना मोकळा ठेवायला सांगावा आणि पुढच्या मे महिन्यात, ऊन कलले की, त्याच्याबरोबर एक चक्कर मारावी. वहीत 'नाही' असे लिहायची वेळ आली, तर त्याच्या पाठीवर हात ठेवावा आणि ते लिहू द्यावे.